मुंबईची फर्म सोडून कोल्हापूरच्या कोर्टात

पत्र

‘मी ३२ वर्षांची आहे. मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मच्या डिस्प्यूट्स टीममध्ये सात वर्षं काम करते आहे, सध्या सीनियर असोसिएट आहे. लवादाची (आर्बिट्रेशनची) प्रकरणं, हायकोर्टातले वाणिज्य दावे, थोडं एनसीएलटी (कंपनी कायदा न्यायाधिकरण). ड्राफ्टिंग माझं, ब्रीफिंग माझं, पण कोर्टात उभे राहतात काउन्सेल, म्हणजे युक्तिवादासाठी नेमलेले वकील. एकदा त्यांना दुसऱ्या कोर्टातून यायला उशीर झाला म्हणून मी उभी राहिले आणि दहा मिनिटं युक्तिवाद केला. त्या दिवसाइतकं बरं मला गेल्या दोन वर्षांत वाटलेलं नाही.

मूळची मी सांगलीची. कोल्हापुरातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांच्या ऑफिसात बोलावलं आहे. जिल्हा न्यायालयातली त्यांची प्रॅक्टिस जुनी आहे, आणि मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच तिथे झाल्यापासून हायकोर्टाचं कामही वाढलं आहे. दोन ज्युनियर आहेत. दरमहा देऊ केलेली रक्कम माझ्या आताच्या मिळकतीच्या साधारण एक तृतीयांश आहे. ‘पुढचं पुढे बघू,’ असं सर म्हणतात. त्यांचा मुलगा लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या नवऱ्याचं काम घरून चालतं, मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. फर्ममधले मित्र म्हणतात, तू मागे जाते आहेस. मी आजवर एकही उलटतपास घेतलेला नाही. मला कामाचा कंटाळा आलाय की फर्मचा, हेच नीट कळत नाही. काय करू?’

— स. प., मुंबई

उत्तर

प्रिय स. प.,

जावं, असं माझं मत आहे. पण सरांनी ज्या बोलीवर बोलावलंय, त्या बोलीवर नको.

आधी कंटाळ्याचं बोलू. त्याचं उत्तर तुम्ही पत्रात स्वतःच देऊन ठेवलंय. फर्मचा वीट आलेला माणूस पत्रात रात्री उशिरापर्यंत थांबण्याबद्दल लिहितो, पार्टनरच्या स्वभावाबद्दल लिहितो, शनिवार-रविवार हातून जातो त्याबद्दल लिहितो. तुमच्या पत्रात त्यातलं काहीच नाही. तुम्ही लिहिलंत ते काउन्सेलना उशीर झाला त्या दिवसाबद्दल. सात वर्षं दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं देत आलेल्या माणसाला एके दिवशी स्वतः बोलायला मिळालं आणि तो दिवस त्याच्या लक्षात राहिला, हे कामाच्या कंटाळ्याचं लक्षण नाही. उभं राहायचंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये, जिथे प्रकरण तयार करणारे वेगळे आणि चालवणारे वेगळे अशी विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, तिथे हे उभं राहणं तुमच्या वाट्याला क्वचितच येणार. पार्टनर झालात तरी फारसं नाही.

त्यामुळे सरांशी बोलताना रकमेचा विषय दुसरा ठेवा. पहिला विषय हा, की मी कुठे आणि कधी उभी राहणार. तुम्ही मिळकतीच्या तीनातले दोन हिस्से सोडून जाताय. त्या बदल्यात तुम्हाला जे हवंय ते हे एकच आहे, आणि तेच ‘पुढचं पुढे बघू’मध्ये गेलंय.

जिल्ह्यातली वकिली मुंबईपेक्षा संथ असेल, असं मनात असेल तर ते काढून टाका. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचा. दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे एक दावा साक्षीला, त्याच वेळी जिल्हा न्यायाधीशांकडे एक अपील युक्तिवादाला, खाली एका कोर्टात निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, म्हणणं द्यायचं, आणि मध्येच १३८ च्या, म्हणजे चेक न वटल्याच्या, प्रकरणात आरोपी हजर झालाय म्हणून निरोप. ज्युनियरला एकीकडे मुदतीचा अर्ज देऊन पिटाळायचं, आपण दुसरीकडे धावायचं. संशोधन करून देणारी टीम नसते. दावा लिहायचा तो मराठीत. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि सात वर्षं इंग्रजीत विचार करून इंग्रजीत टाइप करणाऱ्या माणसाला पहिली कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) लिहिताना घाम फुटतो. सांगलीच्या आहात, महिन्या-दोन महिन्यांत हात बसेल. आतापासून रोज एखादा जुना मराठी निकाल वाचायला घ्या.

आता उलटतपास. पत्रात हे तुम्ही एका वाक्यात उरकलंय. मी जरा थांबणार आहे, कारण दोन ठिकाणच्या वकिलीतला सगळा फरक इथे आहे.

वाटणीचा एक साधा दावा घ्या. वडिलोपार्जित शेतजमीन, बहीण हिस्सा मागतेय, भाऊ म्हणतो वीस वर्षांपूर्वीच तोंडी वाटणी झाली. कायदा तुम्हाला तोंडपाठ आहे. हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती, मग २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा निकाल: मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच हिस्सेदार, आणि तोंडी वाटणीचा बचाव सहसा ऐकायचा नाही, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद. फर्ममध्ये यावर तुम्ही एका दुपारी दहा पानांची नोट लिहाल. पण कोल्हापूरच्या कोर्टात हा दावा त्या नोटवर निघत नाही. भाऊ पिंजऱ्यात असताना त्याच्या तोंडून काय आलं आणि कोणत्या कागदावर निशाणी (पुराव्यात घेतल्याचा क्रमांक) पडली, यावर निघतो.

भावाचा सरतपास, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बाजूची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर झालाय. तुम्ही उठता. वाटणीनंतर तुम्ही तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज दिला होता का? नाही. सोसायटीचं पीककर्ज घेताना जो सातबारा जोडला, त्यावर तुमच्या बहिणीचं नाव होतं? होतं. कर्जाच्या कागदावर हीच सही तुमची? हो. तो कागद दाखवायचा, सही कबूल झाली की निशाणी टाकून घ्यायची, आणि बसायचं. नव्या वकिलाचा पाय इथे घसरतो. त्याला राहवत नाही, तो विचारतो, ‘म्हणजे वाटणी झालीच नव्हती ना?’ आणि साक्षीदार, जो इतका वेळ ‘हो-नाही’ म्हणत होता, तो मोकळा होऊन सांगू लागतो की वाटणी झाली होती, पंच होते, अमुक मामा होते, बहिणीचं नाव फक्त आईच्या शब्दाखातर ठेवलं. उत्तरं मिळाली होती, शेवटच्या प्रश्नाने ती घालवली. तो निष्कर्ष युक्तिवादात आपण काढायचा असतो, साक्षीदाराकडून वदवून घ्यायचा नसतो.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत. साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं टाइप होत नाही. न्यायाधीश लघुलेखकाला सांगतात, आणि कागदावर उतरतं, ‘हे म्हणणे खरे आहे की, वाटणीनंतर मी फेरफारासाठी अर्ज दिला नाही.’ एक ‘नाही’ इकडचा तिकडे झाला, ‘खरे आहे’चं ‘खरे नाही’ झालं, की तुमची अर्ध्या तासाची मेहनत वाया. पुढे पहिल्या अपिलात, आणि प्रकरण दुसऱ्या अपिलापर्यंत गेलं तर हायकोर्टातही, वाचला जातो तो हा कागद. साक्षीदार कचरला होता, गप्प झाला होता, हे तिथे कुणाला दिसत नाही. म्हणून एक कान साक्षीदाराकडे आणि डोळे स्क्रीनवर. चूक दिसली की त्याच क्षणी, अदबीने पण ठामपणे, दुरुस्ती सांगायची. हे अंगवळणी पडायला उभं राहावंच लागतं. बघून येत नाही.

महसुली कायदाही नव्याने शिकावा लागेल. फेरफार नोंद मालकी देत नाही, पण महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, आणि या दोन वाक्यांमधल्या जागेत जिल्ह्यातले निम्मे जमिनीचे वाद राहतात. कुळाचा प्रश्न निघाला की दिवाणी न्यायालयाचा अधिकार कुळकायद्याच्या कलम ८५ ने अडतो आणि तेवढा मुद्दा मामलतदाराकडे पाठवावा लागतो. शेतरस्त्यासाठी १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा आजही रोज वापरात आहे. यातलं काही तुम्ही फर्ममध्ये पाहिलेलं नसणार. सरांच्या ऑफिसातला जुना कारकून यातलं जेवढं जाणतो, तेवढं पहिलं वर्षभर तुम्ही जाणणार नाही. त्यांना विचारत जा. नक्कल अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय, बेलिफाने समन्स का परत आणलं, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) आज द्यायची की पुढच्या तारखेला, हे तेच सांगतील.

पण तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही आहात, आणि हे सरांना माहीत आहे. म्हणूनच त्यांनी तुम्हाला बोलावलं. त्यांना तिसरा ज्युनियर हवा असता तर कोल्हापुरातच मिळाला असता.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं हायकोर्टाचं काम कोल्हापूरला आलं. त्याआधी इथल्या वकिलाने दावा चालवायचा, जिल्हा अपील चालवायचं, आणि दुसरं अपील किंवा रिट निघालं की फाइल मुंबईच्या वकिलाच्या हवाली करायची, अशी रीत होती. चार दशकांहून जास्त काळ इथल्या वकिलांनी बेंचसाठी लढा दिला, त्यामागे हीही एक व्यथा होती. आता तीच फाइल त्याच ऑफिसात राहू शकते. मात्र खालच्या कोर्टात आयुष्य गेलेल्या ज्येष्ठांना हायकोर्टातली इंग्रजी याचिका, तारखांचा गोषवारा, संकलन, महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न नेमका मांडणं, या गोष्टींसाठी भरवशाचा माणूस लागतो. ते तुम्ही झोपेतही कराल.

लवादाचं तर विशेष सांगायला हवं. तुम्हाला वाटत असेल, जिल्ह्यात लवाद कुठला. महामार्गासाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची भरपाई राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली ठरते, ती मान्य नसेल तर शासनाने नेमलेल्या लवादाकडे जायचं, आणि त्या निवाड्याला आव्हान द्यायचं ते लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली, जिल्हा न्यायालयात. मुदत तीन महिने, वर फार तर तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. ही मुदत हुकल्यामुळे हातचं गेलं, असे शेतकरी आहेत. न्यायालयाने निवाड्यात बदल करावा की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या हकीम निकालाने दार लावलं होतं, ते एप्रिल २०२५ मध्ये गायत्री बालसामी प्रकरणात घटनापीठाने थोडं उघडलं. हे सगळं तुम्ही मोठ्या कंपन्यांसाठी वाचलंय. ज्याची दीड एकर गेली, त्याच्यासाठी हे जाणणारं माणूस तालुक्याला सहज सापडत नाही. तीन लाखांवरच्या वाणिज्य दाव्यांचंही तसंच. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२ अ ची मध्यस्थी सक्तीची आहे, कैफियतीला १२० दिवसांनंतर मुदत मिळत नाही. साखर, कापड, फौंड्री, यंत्रमाग, द्राक्षनिर्यात असा या भागाचा व्यापार आहे. तिथे या शिस्तीचं काम भरपूर आहे.

तर, तुमच्याकडे सरांना हवं ते आहे, सरांकडे तुम्हाला हवं ते आहे. बोलणी बरोबरीची आहेत. तशीच ती करा.

काय मागायचं? वकीलपत्रावर नाव. सरांच्या नावाखाली का होईना, पण तुम्ही ज्या प्रकरणात काम करणार त्या प्रत्येकात. मग, पहिल्या सहा महिन्यांत कुठले दावे पूर्णपणे तुमचे, त्यांची आज यादी करायची. नवे दावे नकोत, ते साक्षीला यायला वर्षं जातील. ज्यात मुद्दे निघालेत, म्हणजे कोर्टाने वादाचे प्रश्न ठरवलेत, वादीचा सरतपास व्हायचाय, असे चार-पाच जुने दावे मागून घ्या. पहिल्या दोन उलटतपासांना सर मागे बसतील, पुढचे तुम्ही एकट्या. हायकोर्टातलं जे काम तुम्ही ड्राफ्ट कराल, त्यात दाखल करून घेण्याच्या सुनावणीला तुम्ही उभ्या राहाल. हे सगळं एका पानावर लिहून त्यांना पाठवा, ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ म्हणून. जिल्ह्यात असं लिहून घेण्याची पद्धत नाही, सरांना थोडं वेगळं वाटेल. पण सात वर्षं कंपन्यांचे करार वाचलेल्या माणसाने स्वतःचा व्यवहार तोंडी ठेवू नये.

आणि एक गोष्ट फक्त सरच करू शकतात. गावाकडून आलेला पक्षकार म्हणणारच, ‘साहेब, तुम्हीच उभे राहा, पाहिजे तर फी जास्त घ्या.’ नव्या वकिलाच्या बाबतीत म्हणतो, बाई असेल तर दोनदा म्हणतो. अशा वेळी सर काय म्हणतात, यावर तुमचं तिथलं बस्तान ठरेल. ‘हे प्रकरण मॅडम बघतायत, माझ्यापेक्षा त्यांना यातलं जास्त कळतं,’ असं पक्षकाराच्या देखत म्हणणारे ज्येष्ठ मी पाहिलेत, आणि त्यांच्या ज्युनियर्सची नावं पुढे जिल्हाभर झालेली पाहिलीत. ‘बरं बरं, मी येतो,’ म्हणणारेही पाहिलेत. त्यांच्याकडे दहा-दहा वर्षं माणसं मुदतीचे अर्ज देत राहतात. तुमचे सर यातले कुठले, हे चहाच्या बैठकीत कळणार नाही. रजा काढा, आठवडाभर जाऊन त्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. त्यांचे ज्युनियर बोलतात की फायली उचलतात ते बघा. आधी त्यांच्याकडे होते ते आज कुठे आहेत, हे बाररूममध्ये दोघा-तिघांना विचारा. कुणी स्वतःचं ऑफिस थाटलं असेल, सरांबद्दल आदराने बोलत असेल, तर याहून चांगली शिफारस नाही.

आता मुलगा. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण ती ओळ लिहिलीत म्हणजे मनात शंका आहे. ती रास्त आहे. बापाची वकिली मुलाकडे जाते, यात वाईट काही नाही. त्याने ती घ्यावी म्हणूनच बापाने उभी केलेली असते. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी तो काळा कोट घालून येईल तेव्हा ऑफिस त्याचं असेल, हे धरूनच चाला. प्रश्न तुमच्या जागेचा आहे. त्याला शिकवणारी ताई म्हणून तुम्हाला आणलंय का? तेही चालेल, पण मग त्याची किंमत आणि मुदत ठरवावी लागेल. की सर तुम्हाला भागीदार करण्याचा विचार करतात? की तीन वर्षांनी तुम्ही स्वतंत्र व्हावं आणि तुम्ही आणलेले पक्षकार तुमच्यासोबत जावेत, हे त्यांना मान्य आहे? सरळ विचारा. संकोच करू नका, प्रश्नात अपमान नाही. ज्येष्ठ माणसाला हे कधीतरी विचारलं जाणार हे ठाऊक असतं, आणि ज्याची नियत साफ आहे त्याला तो प्रश्न टोचत नाही. तुम्ही आणलेल्या पक्षकारांची वेगळी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

पैशाचं आता थोडक्यात. ठरलेली मासिक रक्कम थोडी वाढवून मागा, पण जोर द्या तो हिश्श्यावर: तुम्ही आणलेल्या कामात मोठा हिस्सा तुमचा, आणि हायकोर्टाच्या ज्या कामाचं ड्राफ्टिंग आणि उभं राहणं दोन्ही तुमचं, त्यातही ठरलेला वाटा. इथली फी एकरकमी येत नाही. थोडी दावा लावताना, थोडी साक्षीला, थोडी युक्तिवादाआधी, आणि काही वेळा शेवटची कधीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आवक आटते. म्हणून घरखर्चाचं वर्षभराचं पाठबळ बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नवऱ्याची मिळकत त्यात धरा, पण त्यांच्याशी आकडे मांडून बोलून मग धरा. फर्मचा आरोग्यविमा तुम्ही बाहेर पडलात की संपेल, तेव्हा कुटुंबाची स्वतःची पॉलिसी नोकरी सोडण्याआधी घ्या. आधीच्या आजारांच्या प्रतीक्षाकाळाचं घड्याळ लवकर सुरू झालेलं बरं. बहुतेक पक्षकार टीडीएस कापणारे नसतील, म्हणजे आगाऊ कर तुमचा तुम्हालाच भरावा लागेल. आणि ‘भरपाई मिळाली की त्यातले इतके टक्के घ्या,’ असं भूसंपादनातले पक्षकार हमखास म्हणतील. बार कौन्सिलच्या नियमांनुसार ते चालत नाही. दुसरे घेतात म्हणूनही घेऊ नका. त्यात सनद जाऊ शकते.

फर्म सोडताना हात स्वच्छ ठेवा. फर्मचे ड्राफ्ट पेन ड्राइव्हवर उतरवून नेण्याचा मोह होतो, नेऊ नका. पक्षकारांची गुपितं वकिली संपली तरी गुपितंच राहतात, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तेच सांगतं. ज्या प्रकरणांत वकीलपत्रावर तुमचं नाव आहे, त्यांची यादी करून पक्षकाराला पुरेशी पूर्वसूचना मिळेल आणि दुसऱ्या नावाची सोय होईल असं बघा. फर्मच्या ज्या पक्षकारांसाठी तुम्ही काम केलंय, त्याच वादात त्यांच्या विरुद्ध उभं राहता येणार नाही. बँका आणि वित्तसंस्था यांत बऱ्याच असतील, तेव्हा ती यादीही सरांना आधीच सांगा. सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचीच असेल तर ती हलवावी लागत नाही. प्रॅक्टिसचं बदललेलं ठिकाण कळवायचं आणि तिथल्या बार असोसिएशनचं सभासद व्हायचं, एवढंच.

मित्र ‘मागे’ म्हणतात. त्यांच्या शिडीवरून पाहिलं तर ते खरंही आहे. त्या शिडीवर परत चढायचं झालं तर तीन-चार वर्षांनी जागा आजच्याइतकी सोपी मिळणार नाही, तुमच्या बरोबरीचे तोवर पार्टनर झालेले असतील. हे नुकसान मान्य करूनच निघायला हवं. पण बंद होईल ते एवढंच एक दार. साक्षीपुरावा स्वतः नोंदवलेला, अपील स्वतः चालवलेला वकील सर्किट बेंचमध्ये स्वतंत्र उभा राहू शकतो, मुंबईत काउन्सेल म्हणून परत येऊ शकतो. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८१ मध्ये खंडपीठाची सुरुवात झाली. त्या पहिल्या काही वर्षांत जे तिथे उभे राहिले, त्यांना पुढे मिळालेली जागा नंतर आलेल्यांना मिळवताना फार कष्ट पडले. कोल्हापुरात आज तेच दिवस आहेत. गर्दी होतेच आहे, पण कोण कुठे बसणार ते अजून ठरायचंय. दोन वर्षांनी जाऊ म्हणाल तर मी इतक्या ठामपणे ‘जा’ म्हणेन असं वाटत नाही.

मुलीच्या शाळेमुळे जून हा तुमचा मुहूर्त ठरलेला दिसतो, आणि कोर्टही जूनमध्येच सुट्टीनंतर उघडतं. म्हणजे आठवडाभराची ती रजा लवकर काढायला हवी, नोटिशीचे महिने त्यातून वजा होतात. सरांना भेटाल तेव्हा आधी यादीतले दावे मागा, मग मुलाचा प्रश्न विचारा, आणि रक्कम शेवटी काढा. मुलाच्या प्रश्नावर ते काय बोलले, ते मला जमल्यास त्यांच्याच शब्दांत लिहून कळवा. भागीदारीचं बोलले तर त्याचा मसुदा कसा असावा, हे आपण पुढच्या पत्रात बघू.